चौकटीबाहेर राहिलेले गाव : हौशी छायाचित्रकारांची परस्पर-समीक्षा आणि सारसोळ्याचा खाडीकिनारा

प्रास्ताविक

नवी मुंबईतील नेरूळच्या पश्चिमेस पाम बीच मार्ग ओलांडला आणि खारफुटीतून खाडीकडे गेले की सारसोळ्याची जेट्टी लागते. सारसोळे हे आगरी-कोळी वस्तीचे जुने गाव. आज ते नियोजित शहराच्या इमारतींनी वेढलेले आहे. गाव रस्त्याच्या एका बाजूस आणि त्याच्या होड्या, जाळी व खाडी दुसऱ्या बाजूस, अशी त्याची विभागणी झालेली आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे उतरतात. भरतीच्या वेळी खाडीतील चिखलपट्टे पाण्याखाली गेले की हे पक्षी विसाव्यासाठी नेरूळ-सीवूड्स परिसरातील पाणथळींकडे वळतात. त्यामुळे सारसोळे ते सीवूड्स हा किनारा हौशी छायाचित्रकारांच्या आवडीचा झाला आहे. सुटीच्या दिवशी लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांत बँकेतील कर्मचारी, डॉक्टर, अभियंते, शिक्षक आणि विद्यार्थी असे सर्व प्रकारचे लोक असतात.

या मंडळींचे छायाचित्रण कळ दाबण्यापाशी संपत नाही. काढलेली छायाचित्रे एकमेकांना दाखवणे, त्यांतील गुणदोषांची चर्चा करणे आणि चर्चेनंतर पुन्हा त्याच जागी जाऊन नवा प्रयत्न करणे हा या छंदाचा अविभाज्य भाग आहे. साहित्य, संगीत, नाटक यांच्या समीक्षेबद्दल मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु समान पातळीवरील हौशी लोकांनी एकमेकांच्या कृतींची केलेली ही समीक्षा अभ्यासविषय म्हणून फारशी हाताळली गेलेली नाही. ही समीक्षा कोणत्या परंपरेतून आली, तिची परिभाषा काय पाहते आणि काय पाहत नाही, याचा विचार सारसोळ्याच्या किनाऱ्याच्या संदर्भात करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे. ही समीक्षा चित्राचे तंत्र उत्तम रीतीने घडवते, मात्र चित्रविषयाचे स्थान आणि इतिहास चौकटीबाहेर काढण्याची सवयही तीच लावते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

परंपरेचा मागोवा

छायाचित्रे एकत्र बसून पाहण्याची आणि त्यांवर बोलण्याची प्रथा मुंबईत नवी नाही. छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा १८३९ मध्ये झाली आणि त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी, १८५४ मध्ये, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या सदस्यांत युरोपीय अधिकारी व व्यापारी यांचा भरणा असला, तरी डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही तिच्याशी संबंधित होते. डॉ. नारायण दाजी हे स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. सभांमधून सदस्य आपली चित्रे मांडीत आणि रसायने, कागद व काचेच्या पट्ट्या यांविषयी चर्चा होई. १८५६ मध्ये कलकत्ता व मद्रास येथेही अशा संस्था निघाल्या.

या पहिल्या पिढीच्या इतिहासातील दोन घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली मुंबईची आहे. सोसायटीच्या आरंभीच्या सदस्यांपैकी विल्यम जॉन्सन यांनी विल्यम हेंडरसन यांच्यासह १८५६ ते १८५८ या काळात ‘द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ हे मासिक स्वरूपाचे प्रकाशन काढले. पुढे १८६३ व १८६६ मध्ये जॉन्सन यांनी मुंबईतील विविध जाती-जमातींवरील दोन खंड प्रसिद्ध केले. या खंडांतील अनेक चित्रांत माणसांच्या आकृती एका ठिकाणी टिपलेल्या असून त्यांच्या मागील दृश्य दुसऱ्याच ठिकाणचे आहे. दोन्ही जोडून एक चित्र सिद्ध केले आहे. मुंबईच्या हौशी छायाचित्रणाच्या आरंभकाळातच माणूस त्याच्या जागेपासून सोडवून ‘योग्य’ पार्श्वभूमीवर बसविण्याचे तंत्र रूढ होऊ लागले होते, असे यावरून दिसते.

दुसरी घटना बंगालची आहे. तेथील फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापकांत प्राच्यविद्यापंडित राजेंद्रलाल मित्र हे होते. १८५७ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमधील सभेत त्यांनी निळीच्या मळेवाल्यांवर कठोर टीका केली. त्या भाषणाचा छायाचित्रणाशी काहीही संबंध नव्हता. तरीही त्यावरून त्यांना सोसायटीतून काढून टाकण्यात आले. चित्राच्या रंगछटांवर कितीही मतभेद चालतील, पण सदस्यांच्या हितसंबंधांना स्पर्श करणारे बोलणे चालणार नाही, अशी मर्यादा त्या संस्थेने अशा प्रकारे आखून दिली. आजच्या हौशी मंडळांत अशी हकालपट्टी कोणी करीत नाही. तथापि, चर्चा चित्राच्या चार कडांच्या आतच राहावी हा संकेत मात्र सौम्य रूपात टिकून आहे.

विसाव्या शतकात हौशी छायाचित्रणाला संस्थात्मक बळ मिळाले. १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे आणि १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया या संस्था मुंबईत सुरू झाल्या. पुढे १९५० च्या दशकात फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी अस्तित्वात आली आणि आंतरराष्ट्रीय महासंघाशी, म्हणजे ‘फियाप’शी, येथील मंडळांचा संबंध जुळला. यातून ‘सलोन’ या नावाने ओळखली जाणारी स्पर्धात्मक प्रदर्शने रुजली. परीक्षकांसमोर चित्रे एकामागून एक येतात, प्रत्येकाला काही क्षणांत गुण दिले जातात, ठरावीक गुणांवरील चित्रे स्वीकारली जातात आणि स्वीकृत चित्रांच्या संख्येवर आधारलेले सन्मान छायाचित्रकाराच्या नावापुढे लागतात. मंडळाच्या बैठकीतील चर्चा ही बहुधा या परीक्षेची पूर्वतयारी असते. त्यामुळे समीक्षकाच्या मनात सतत एक अनुपस्थित परीक्षक बसलेला असतो.

परस्पर-समीक्षेचे मोल

या पद्धतीच्या मर्यादा सांगण्यापूर्वी तिचे मोल मान्य करणे आवश्यक आहे. मंडळाच्या बैठकीत चित्र दाखविले जाते आणि पुष्कळदा छायाचित्रकार काही काळ मौन पाळतो. इतर सदस्य आपापले निरीक्षण मांडतात. शेवटी कर्ता आपली भूमिका सांगतो. येथे गुरू-शिष्य असे कायमचे नाते नसते. आज ज्याचे चित्र तपासले जाते तोच पुढच्या चित्राचा समीक्षक असतो. टीका करणाऱ्याला आपलेही चित्र थोड्या वेळाने समोर येणार आहे याची जाणीव असते. त्यामुळे टीकेला आपसूकच संयम येतो. कार्यालयातील अधिकार, वय किंवा शिक्षण यांना बैठकीत फारसे वजन राहत नाही. आपल्याकडील अनेक क्षेत्रांत असा मोकळा, विनामोबदला आणि परस्परांच्या सुधारणेसाठी केलेला संवाद दुर्मिळ आहे.

तांत्रिक शिक्षणाच्या बाबतीत तर या बैठका पुस्तकांपेक्षा अधिक उपयोगी ठरतात. सारसोळ्याच्या परिसरातील उदाहरण घेता येईल. ओहोटीच्या वेळी काळपट चिखलावर उभा असलेला फिकट रंगाचा रोहित टिपताना कॅमेऱ्यातील प्रकाशमापक फसतो. चौकटीत काळा भाग अधिक असल्याने तो चित्र उजळ करतो आणि पक्ष्याच्या पिसांतील तपशील पांढरा पडून नाहीसा होतो. अशा वेळी प्रकाश जाणीवपूर्वक कमी ठेवावा लागतो, ही गोष्ट नवशिक्याला आपले फसलेले चित्र चारचौघांत मांडल्यावर पक्की समजते. उडत्या थव्यासाठी सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. कॅमेरा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली नेला तर पक्ष्याच्या डोळ्याशी डोळा भिडतो. पक्षी मान वर करून अस्वस्थ हालचाल करू लागले की आपण फार जवळ गेलो आहोत असे समजून मागे यावे. ही सर्व जाण अनुभवी सदस्याकडून नवख्याकडे अशाच चर्चांतून जाते. यातील शेवटची सूचना केवळ तंत्राची नसून आचारधर्माचीही आहे, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. पक्ष्याच्या संदर्भात या समीक्षेने नीतीचा प्रश्न चित्राच्या आत आणलेला आहे.

परिभाषेची तपासणी

या चर्चांमध्ये वारंवार येणारे शब्द मोजके आहेत : रचना, समतोल, तृतीयांशाचा नियम, नेणाऱ्या रेषा, स्वच्छ पार्श्वभूमी, लक्ष विचलित करणारे घटक, क्रॉप. हे शब्द छायाचित्रणाचे स्वयंसिद्ध नियम असल्यासारखे उच्चारले जातात. वास्तविक प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे. तृतीयांशाचा नियम हा छायाचित्रणाच्या जन्मापूर्वीचा आहे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये ग्रामीण निसर्गदृश्यांवरील आपल्या ग्रंथात तो मांडला. म्हणजे इंग्लंडमधील खेड्यांचे रम्य चित्रण कसे करावे या चिंतनातून निघालेले प्रमाण आज ठाणे खाडीतील होडी चौकटीत कुठे असावी हे ठरविते.

‘लक्ष विचलित करणारे घटक’ या कल्पनेमागे एकोणिसाव्या शतकातील चित्रसदृश छायाचित्रणाचा वाद आहे. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात छायाचित्राने चित्रकलेचे रचनानियम पाळावेत, अशी भूमिका मांडली आणि स्वतः अनेक काचपट्ट्या जोडून चित्रे सिद्ध केली. पीटर हेन्री एमर्सन यांनी १८८९ मध्ये ‘नॅचरलिस्टिक फोटोग्राफी’ या ग्रंथाद्वारे त्यास कडाडून विरोध केला. एमर्सन यांनी आपली महत्त्वाची चित्रे इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोकच्या पाणथळ प्रदेशात काढली होती. तेथील मासेमार, लव्हाळे कापणारे मजूर आणि त्यांच्या होड्या हे त्यांचे विषय होते आणि चित्रांसोबत त्या लोकांच्या जीवनाविषयीचा मजकूरही असे. एमर्सन यांनी १८९० मध्ये छायाचित्रण ही कला आहे हा आपला दावा मागे घेतला, हे खरे. तथापि पाणथळीचे चित्र आणि पाणथळीवर जगणाऱ्यांचे वर्णन एकत्र असावे, हा त्यांचा प्रघात हौशी परंपरेतलाच आहे. हौशी मंडळांनी या वादातून रॉबिन्सन यांची रचना उचलली आणि एमर्सन यांचा मजकूर सोडून दिला, असे म्हणता येईल.

सारसोळ्याचे चित्र : एक कल्पित उदाहरण

या परिभाषेचा परिणाम पाहण्यासाठी एक चित्र कल्पावे. संध्याकाळची वेळ आहे. सारसोळ्याच्या जेट्टीवरून पश्चिमेकडे पाहिले असता ट्रॉम्बेच्या बाजूस सूर्य खाली गेला आहे. पाण्यात एक होडी आहे आणि तीत एक माणूस उभा आहे. प्रकाश मागून येत असल्याने दोन्हींच्या काळ्या आकृती दिसतात. चौकटीच्या उजव्या कडेला जेट्टीचा काँक्रीटचा कोपरा आला आहे आणि खालच्या बाजूस किनाऱ्याला लागलेले प्लास्टिक. बैठकीत या चित्रावर अपेक्षित अशाच सूचना येतील : उजवीकडील कोपरा कापावा, खालचा कचरा काढावा, होडी डाव्या तृतीयांशावर घ्यावी. या सूचना पाळल्या की चित्र निःसंशय अधिक देखणे होते. मात्र आता ते सारसोळ्याचे राहत नाही. ते केरळचे, बंगालचे किंवा अन्य कोणत्याही किनाऱ्याचे असू शकते. होडीतील माणूसही ‘कोळी’ या सर्वसामान्य आकृतीत विरघळतो. जॉन्सन यांना जे साधण्यासाठी दोन चित्रे जोडावी लागली, ते येथे एका कापणीने साधते.

दुसरे चित्र पाणथळीत विसावलेल्या रोहितांचे कल्पावे. मागे उंच निवासी इमारती आहेत. सूचना येते की जागा बदलून इमारती टाळाव्यात, अथवा भिंगाचे छिद्र मोठे ठेवून त्या धूसर कराव्यात. येथे समीक्षक निसर्ग-छायाचित्रणाच्या स्पर्धांतील नियमाचा आधार घेतात. ‘फियाप’, अमेरिकेतील फोटोग्राफिक सोसायटी आणि इंग्लंडमधील रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी २०१४ मध्ये निसर्ग-छायाचित्राची एक सामायिक व्याख्या स्वीकारली. तिच्यानुसार अशा चित्रात मानवी घटक नसावेत. परंतु मानवनिर्मित परिसराशी जुळवून घेतलेल्या जीवांच्या बाबतीत, जेथे ते घटक निसर्गकथेचा अविभाज्य भाग असतात, तेथे अपवाद केला आहे. कोठारात राहणारे घुबड हे त्याचे उदाहरण होय. नेरूळच्या इमारतींमधील पाणथळीत उतरणारा रोहित या अपवादात सहज बसतो. असे असूनही चर्चेत नियम आठवतो आणि अपवाद विसरला जातो. यावरून अडचण नियमापेक्षा पाहण्याच्या सवयीत अधिक आहे, हे स्पष्ट होते.

कापले जाते ते काय?

चौकटीतून काढून टाकलेला भाग हा निव्वळ दृश्य अडथळा असता तर या चर्चेचे कारण नव्हते. सारसोळ्याच्या बाबतीत तो या प्रदेशाचा अर्धशतकाचा इतिहास आहे. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित करण्याचे धोरण ठरले. शेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणारी आगरी-कोळी कुटुंबे ‘प्रकल्पग्रस्त’ या नव्या नावाने ओळखली जाऊ लागली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. विकसित जमिनीतील साडेबारा टक्के वाटा मूळ भूधारकांना देण्याची योजना या संघर्षातून पुढे आली. चित्रात लक्ष विचलित करणाऱ्या इमारती या जमिनींवर उभ्या आहेत.

पर्यावरणाच्या दृष्टीनेही हा भाग निरर्थक नाही. ठाणे खाडीच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्रास २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर स्थळांत झाला. नेरूळ परिसरातील विसाव्याच्या पाणथळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. म्हणून त्यांच्या भवितव्याचा प्रश्न वारंवार निर्माण होत आला आहे. खारफुटी नष्ट करणे हे नागरिकांच्या मूलभूत हक्कांचे उल्लंघन आहे, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. अशा परिस्थितीत पाणी कुठवर येत होते, खारफुटी कुठपर्यंत होती आणि भराव कुठून सुरू झाला हे दाखविणारे दिनांकित छायाचित्र हा मोलाचा पुरावा ठरू शकतो. इतक्या नियमितपणे, वर्षानुवर्षे आणि उत्तम उपकरणांनी या किनाऱ्याकडे पाहणारा दुसरा समाजगट नाही. मात्र या गटाच्या हातून साठणाऱ्या हजारो चित्रांतून किनाऱ्याची ओळख पटविणारा भाग पद्धतशीरपणे वगळला जात असेल, तर त्या संग्रहाचे दस्तऐवज म्हणून मूल्य फारच कमी उरते. एखादी पाणथळ बुजली तर जुन्या चित्रांत पक्षी सापडेल, पाणथळ सापडणार नाही.

मराठी समीक्षेच्या अनुभवातून

मराठी साहित्यसमीक्षेने अशाच प्रश्नाला पूर्वी तोंड दिले आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाचा विचार मांडला. हौशी छायाचित्रकाराच्या बैठकीत मर्ढेकरांचे नाव निघत नसले, तरी रेषा, रंग आणि छाया-प्रकाश यांच्या परस्परसंबंधांबद्दल तेथे जे बोलले जाते ते या विचाराच्या जवळचे आहे. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलेचे लौकिक जीवनाशी असलेले नाते नाकारणारी आणि स्वीकारणारी अशा दोन्ही भूमिकांची चिकित्सा करून, आपल्या कलाव्यवहारात दोहोंचीही मुळे आहेत हे दाखविले. पुढे दलित साहित्याने हा प्रश्न अधिक तीव्र केला. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) हे पुस्तक प्रस्थापित निकष कोणाच्या अनुभवातून तयार झाले, याचीच विचारणा करते.

साहित्यसमीक्षेने हा प्रवास केल्यानंतर कवितेच्या घाटाची चर्चा थांबली नाही. ती अधिक जबाबदार झाली. हौशी छायाचित्रणाची समीक्षा मात्र घाटाच्या टप्प्यावरच थांबलेली दिसते. विशेष म्हणजे या बैठकांत बसणाऱ्यांपैकी अनेकजण मराठी कवितेकडे पाहताना असा विचार नक्कीच करतील. कॅमेरा हाती आला की तेच वाचक ‘स्वच्छ पार्श्वभूमी’ मागू लागतात.

अनुपस्थित समीक्षक

पिएर बुर्द्यू यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फ्रान्समधील छायाचित्रणविषयक अभ्यासात कॅमेरा मंडळांचाही विचार केला होता. सामान्य लोक छायाचित्राकडे पाहताना ते कशाचे आहे, कोणासाठी आहे आणि कशासाठी आहे असे विचारतात; मंडळांतील हौशी सदस्य मात्र अशा पाहण्यापासून स्वतःला वेगळे काढून कलेचे निकष पुढे करतात, असे त्यात दिसून आले. या निरीक्षणाच्या प्रकाशात सारसोळ्याच्या चित्राचा एक प्रेक्षक नेहमी बैठकीबाहेर राहतो, हे ध्यानात येते. तो म्हणजे होडीतील माणूस.

हे चित्र त्याच्यासमोर ठेवले तर तो काय पाहील, याची कल्पना करणे कठीण नाही. नांगरलेल्या होडीचे तोंड कुठे आहे यावरून पाण्याचा ओढ भरतीचा की ओहोटीचा हे त्याला कळेल. चिखलावरील ओल्या रेषेवरून पाणी किती उतरले ते समजेल. होडी कोणाची हे तिच्या घडणीवरून आणि रंगावरून तो सांगू शकेल. किनाऱ्यावरील कचरा त्याच्या दृष्टीने रचनेतील दोष नसून जाळ्यात अडकणारी, दिवसाची मजुरी बुडविणारी गोष्ट आहे. हे वाचनही समीक्षाच होय. तिचे निकष निराळे आहेत एवढेच. विशेष म्हणजे ज्या तपशिलांवर हे वाचन उभे आहे, नेमके तेच तपशील काळ्या आकृतीत आणि कापलेल्या कडांत नाहीसे झालेले असतात. खाडी जाणणाऱ्यालाच वाचता येणार नाही असे खाडीचे चित्र यशस्वी मानावे काय, हा प्रश्न या ठिकाणी उपस्थित होतो.

काही आक्षेप

या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की छंद हा आनंदासाठी असतो आणि त्यावर सामाजिक जबाबदारीचे ओझे लादू नये. हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. आठवडाभर काम करून पहाटे खाडीकाठी येणाऱ्या व्यक्तीने प्रत्येक चित्रात विस्थापनाचा इतिहास मांडावा अशी अपेक्षा अवास्तव आहे. तथापि ही मंडळी आपण होऊन समीक्षेचा मार्ग स्वीकारतात. आपले पाहणे सुधारावे ही त्यांचीच इच्छा असते. पाहण्याची व्याप्ती वाढविणारा प्रश्न हा त्या इच्छेशी सुसंगतच आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. इमारती चित्रात घ्याव्यात असा नवा नियम केला तर ‘थवा आणि टोलेजंग इमारत’ हा लवकरच नवा साचा बनेल. हा धोका खरा आहे आणि काही प्रमाणात असा साचा तयारही झाला आहे. म्हणून येथे नव्या नियमाची मागणी केलेली नाही. अपेक्षा एवढीच आहे की कापण्याची सूचना करणाऱ्याने आपण काय कापत आहोत हेही सांगावे. काही चित्रांत कापणे योग्यच ठरेल. मात्र तो निर्णय असावा, प्रतिक्षिप्त क्रिया नसावी.

तिसरा आक्षेप असा की अशा चर्चेने बैठकीतील सलोखा बिघडेल. राजेंद्रलाल मित्र यांच्या काळापासून ही भीती चालत आली आहे. परंतु पक्ष्यांच्या बाबतीत हौशी मंडळांनी ती ओलांडलेली आहे. घरट्याजवळ जाऊन काढलेले चित्र कितीही सुंदर असले तरी ते नाकारण्याची प्रथा अनेक ठिकाणी पडली आहे. पक्ष्याच्या स्वस्थतेचा विचार ज्या समीक्षेत होऊ शकतो, तीत माणसाच्या संमतीचा आणि स्थानाचा विचार होऊ शकत नाही असे मानण्यास आधार नाही.

समारोप

हौशी छायाचित्रकारांची परस्पर-समीक्षा ही दीडशेहून अधिक वर्षांची, समानतेवर आधारलेली आणि शिकण्याच्या प्रामाणिक इच्छेतून चालणारी परंपरा आहे. तिने तंत्राची जाण सर्वसामान्यांपर्यंत पोहोचविली. मात्र तिची परिभाषा प्रामुख्याने चित्रसदृश रचनेच्या आणि स्पर्धेच्या गरजांतून घडल्यामुळे ती विषयाचे स्थान, काळ आणि माणूस यांबाबत मौन पाळते. सारसोळ्यासारख्या ठिकाणी, जेथे गाव, शहर आणि पाणथळ यांचे नाते अद्याप निश्चित झालेले नाही, तेथे या मौनाची किंमत मोठी आहे.

यावर उपाय अवघड नाहीत. प्रत्येक चित्रासोबत ठिकाण, दिनांक आणि खाडीच्या चित्राबाबत भरती-ओहोटीची वेळ नोंदविण्याचा प्रघात पाडता येईल. कापलेल्या चित्राबरोबर मूळ अखंड चित्र जपून ठेवता येईल. बैठकीत रचना, प्रकाश आणि क्षण यांबरोबर ‘चौकटीबाहेर काय राहिले?’ हा प्रश्न नियमाने विचारता येईल. पक्ष्यांची चित्रे दाखविताना घरट्यांचे व विसाव्याच्या जागांचे तपशील जाहीर न करण्याचे पथ्य मात्र पाळावे लागेल. वर्षातून एखादे प्रदर्शन सभागृहाऐवजी सारसोळे गावातच भरवून ज्यांची होडी चित्रात आली त्यांना चित्रांवर बोलण्यास निमंत्रित करता येईल. नवी मुंबई परिसरातील महाविद्यालयांच्या छायाचित्रण मंडळांना आणि मराठी, समाजशास्त्र व पर्यावरणशास्त्र विभागांना हे काम एकत्रितपणे हाती घेणे सहज शक्य आहे.

पाम बीच मार्गाच्या अलीकडे राहणाऱ्या मुलाने पलीकडच्या जेट्टीवरील आपल्या वडिलांचे चित्र प्रदर्शनात ओळखावे, एवढी अपेक्षा या समीक्षेकडून ठेवणे गैर ठरू नये.